गोठ्यातला बिशप

हेर्थवेल
संत मार्टिनच्या सणानंतरचा चौथा दिवस, सन ७४१

पोथ्या,

उघडल्या उघडल्या खालची सही बघू नकोस. मीच आहे, गोठ्या.

खरं तर 'बिशप कुथगार यांजकडून' असं लिहायला हवं. पण कुथगारचं पत्र कुथगारनेच वाचायचं म्हणजे आल्डरफर्डच्या मठातला जुना घोळ पुन्हा सुरू. एका मठात एका नावाचे दोघे, म्हणून पोथीशाळेत शिकवणारा तू पोथ्या आणि गुरं बघणारा मी गोठ्या. अकरा वर्षांत मला त्या नावानं कुणी हाक मारलेली नाही. इथे सगळे बिशपमहाराज म्हणतात, आणि मी अजूनही मागे वळून बघतो की कोण आलं.

आपल्या बोलीतच लिहितोय. लॅटिनमध्ये लिहिलं असतं तर मजकूर राहिला असता बाजूला आणि तू चुका मोजत बसला असतास.

थंडीआधीचं शेवटचं जहाज उद्या समुद्रापलीकडे तुमच्या फ्रिसियाकडे निघतंय. जहाजाचा तांडेल तुला ओळखतो. म्हणाला, तिकडच्या मठात तुझ्याकडे चाळीस जण शिकतात आणि तू त्यांच्यावर त्यांच्याच भाषेत ओरडतोस. ऐकून बरं वाटलं. ओरडतोस म्हणजे तब्येत ठीक असणार.

मी पायी फिरतो. घोडा आहे, पण त्यावर डुन्ने बसतो. डुन्ने म्हणजे माझ्याबरोबर असणारा पाद्री. गुडघे गेलेत त्याचे आणि जीभ जागेवर आहे. गावात शिरलो की लोक घोड्यावरच्या माणसापुढे गुडघे टेकतात. तो शांतपणे हात वर करतो आणि सांगतो, "खरे ते मागे आहेत. चिखलात माखलेले."

तुला क्रोहिल आठवतं का? वर माळरानात, सात घरं आणि एक दगडी क्रॉस. माझ्याआधी तीस वर्षांत तिथे एकही बिशप गेला नव्हता. पहिल्यांदा गेलो तेव्हा बेब्बे नावाची म्हातारी कमरेवर हात ठेवून वाटेत उभी. सगळी वस्ती तिच्या शब्दावर चालते.

"काय न्यायला आलात?" तिनं विचारलं.

"काही नाही, आजी."

"मग काही आणलंय का?"

"तसं काही नाही."

"म्हणजे एवढा डोंगर चढून नुसतेच आलात," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

मी काय करावं या विचारात उभा, तोच गोठ्यातून गाईचं ते ओरडणं ऐकू आलं. तुला नाही कळायचं, पण मला लगेच कळलं. वासरू आडवं आलं होतं. झगा काढला, खांद्यापर्यंत हात घातला, आणि दोन घटकांनी पांढरी पाडी माझ्या मांडीवर. त्यानंतर सगळी वस्ती दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर बिशपाच्याच हातून लागणाऱ्या, तेलासाठी रांगेत उभी राहिली. बेब्बे सगळ्यांत पुढे. मी तेलात बोट बुडवणार तर म्हणते, "आधी हात धुवा."

आता कामाचं. आपले जुने आर्चबिशप, तुझे पहिले गुरू, माझ्या अभिषेकाच्याच वर्षी वारले हे तुला कळलं असेल. त्यांच्या दप्तरातले माझ्या नेमणुकीचे कागद त्यांच्या कारकुनानं मागाहून एका पेटीत घालून मला पाठवून दिले. त्या पेटीत परवा एक चर्मपत्र हाती लागलं. बिशप कुणाला करायचं ते त्यांनी स्वतःच्या अक्षरात राजाला कळवलेलं आहे. आल्डरफर्डचा कुथगार, पोथीशाळेचा गुरू.

म्हणजे तू.

त्या दिवशी काय झालं ते आता उलगडतं. गाई विण्याचे दिवस होते. राजाचा माणूस दारात आला आणि विचारता झाला, "कुथगार कुठे आहे?" द्वारपालानं गोठ्याकडे बोट दाखवलं, कारण तू तापानं फणफणून आजाऱ्यांच्या खोलीत पडला होतास. मठाधिपतींना ऐकू येत नव्हतं, ते सगळ्यालाच मान डोलवायचे. मला वाटलं थट्टा चाललीय. पंधरा दिवसांत अभिषेक झालासुद्धा, तोही दुसऱ्या बिशपांच्या हातून, कारण आर्चबिशप तेव्हा मरणपंथाला लागले होते.

तू बरा झालास आणि तिसऱ्या आठवड्यात निघालास. मी दारापर्यंत आलो होतो. तू म्हणालास, "राज्याला गुराखी हवा होता, मिळाला." मी दिलेली शिदोरीही नेली नाहीस.

आत्ताच कळलं, म्हणून आत्ताच कळवतोय.

गोठ्या


हेर्थवेल
मेणबत्त्यांच्या सणाचा दिवस, सन ७४२

पोथ्या,

समुद्र उघडेपर्यंत हे पत्र इथेच पडून राहणार, तरी आजच लिहितो. नाही तर पुन्हा धीर व्हायचा नाही.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तो कागद परवा सापडला नव्हता. नऊ वर्षांपूर्वी सापडला होता.

पहिल्याच संध्याकाळी तुला कळवायचं ठरवलं होतं. खरंच. दौत काढली, लेखणी तासली. पण दुसऱ्या दिवशी क्रोहिलला जायचं होतं, म्हटलं आल्यावर लिहू. परत आलो तो त्या पाडीच्या आनंदात. मग सहा नवे पाद्री तयार करायचे होते. मग पूर आला आणि तीन गावं आमच्या धान्यकोठारात राहायला आली. त्या महिन्याभरात दोन लग्नं जमली आणि एक बाळंतपण झालं. मग मधमाश्या पाळल्या. एक काम संपलं की दुसरं दारात उभं, आणि प्रत्येकात मला इतकी मजा यायची की कागदाची आठवण आली की मी पेटीवर आणखी एक घोंगडी टाकायचो.

हे सगळं बहाण्यासारखं वाटेल. आहेच. सरळ सांगायचं तर मी सुखात होतो, आणि ते सुख दुसऱ्याचं आहे हे कळूनही मला सोडवेना.

आज सकाळी देऊळ माणसांनी फुलून गेलं होतं. हरेकाच्या हातात मेणबत्ती. एका तान्ह्या मुलीनं शिंकून आपल्या आजोबांची मेणबत्ती विझवली आणि सगळे हसले, मी वेदीवरून हसलो. हसताहसताच मनात आलं, हे सगळं पोथ्याचं आहे. मग मिस्साची उपासना संपेपर्यंत काय म्हणत होतो ते मला सांगता येणार नाही.

बाहेर आल्यावर मी डुन्नेला सगळं सांगितलं. त्याला आश्चर्य वाटलं नाही, राग तेवढा आला.

"नऊ वर्षं गप्प बसलात, आणखी दहा बसा," तो म्हणाला. "तोवर दोघंही मराल. प्रश्न मिटला."

"आणि वर गेल्यावर काय सांगू?"

"वर देव दोन कुथगार वेगळे ओळखत असेल. खाली घोळ झाला म्हणून वरही होईल असं नाही."

"म्हणूनच भीती वाटते," मी म्हणालो.

तो थोडा वेळ घोड्याची आयाळ विंचरत राहिला. मग म्हणाला, "लिहा त्यांना."

तर लिहितोय. संत योहानच्या सणाला बिशपांची सभा आहे. तिथे मी उठून सगळं सांगणार आणि बिशपपदाची खूण असलेली काठी, तो दंड, खाली ठेवणार. तू ये. तो उचलायला तू तिथे असायला हवास.

गोठ्या


हेर्थवेल
पेंटेकॉस्टचा आठवडा

पोथ्या,

तुझं उत्तर मिळालं. 'सभेला येतो.' एवढंच. मी कागद उलटसुलट करून बघितला, उन्हात धरून बघितला. डुन्नेला दाखवला. तो म्हणाला, "अक्षर सुंदर आहे."

रागावून येतोयस की नुसताच येतोयस, ते कळायला मार्ग नाही. चालेल. येतोयस ना.

हे पत्र बंदरातल्या मठात ठेवतोय, उतरल्यावर तुला देतील. किनाऱ्याच्या रस्त्यानं येऊ नकोस, पूल वाहून गेलाय. डोंगरातून ये. दुसरा मुक्काम क्रोहिलला कर. बेब्बेला निरोप धाडलाय की माझा एक जुना मित्र येतोय. ती जवाचा पाव आणि कांद्याच्या पातीचं कालवण देईल. दुसऱ्यांदा घेतलं नाहीस तर तिचा अपमान होतो, तिसऱ्यांदा मागितलंस तर तू अधाशी ठरतोस. दोनदा घे.

वस्तीच्या खाली दलदल आहे. हिरवीगार दिसेल तिथे पाय टाकू नकोस, तपकिरी गवतावरून चाल.

आणि तिथे नाव सांगू नकोस. सांगितलंस तर अडकशील, आधीच सांगून ठेवतो.

तुझी खोली तयार आहे. गादीत नवा पेंढा भरला. नदीत वाम माशांसाठी सापळे लावून ठेवलेत. सकाळी खोलीत जाऊन उगाच पाणी भरलेला तांब्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ठेवला, मग पुन्हा या कोपऱ्यात. काही दिवसांनी इथून मलाच जायचंय, पण वाटतं मात्र पाहुणा येण्याआधी वाटतं तसंच.

गोठ्या


संत योहानच्या सणानंतरचा तिसरा दिवस
सभेच्या गावाहून, क्रोहिलला बेब्बेच्या घरी

पोथ्या,

तू पाय हिरव्यात टाकलास.

तुझा घोटा मोडल्याचा निरोप घेऊन क्रोहिलची मेंढपाळीण सभेच्या पहाटे इथे पोचली. तिला वाटलं ती वाईट बातमी आणतेय, पण सांगताना हसू आवरेना. तुला चिखलातून ओढून काढलं तेव्हा बेब्बेनं नाव विचारलं आणि तू सांगितलंस, कुथगार. "आमचे कुथगार हे नव्हेत," कुणी तरी म्हणालं. त्यावर बेब्बे म्हणाली, "नाव तेच आहे ना, मग गाय दाखवा." तू खाटेवर, पाय फळीला बांधलेला, आणि दारात गाय. तिच्या पोटाला कान लावून तू तिला लॅटिनमध्ये काही म्हणालास म्हणे. गाय बरी आहे, असा निरोप आहे.

म्हणजे सभेत मी एकटाच होतो. तुझ्या गैरहजेरीत बोलणं बरं नाही, असं एकदा मनात आलं. पण एकदा थांबलो की मी किती वर्षं थांबतो ते मला माहीत झालंय. म्हणून उठलो.

आताचे आर्चबिशप बारीक अंगाचे आहेत आणि बोलण्याआधी समोरच्याकडे बराच वेळ बघतात. मी दंड त्यांच्या पायाशी ठेवला, कागद हातात दिला. त्यांनी वाचला.

"हा कधी मिळाला तुम्हाला?"

"नऊ वर्षं झाली."

त्यांनी कागदाची घडी घालून मांडीवर ठेवली.

"का लपवलात?"

"काम आवडायला लागलं होतं."

"पश्चात्ताप होतो?"

"लपवल्याचा होतो, महाराज. कामाचा होत नाही. होतो म्हणालो तर आणखी एक खोटं होईल."

दक्षिणेकडचे एक बिशप म्हणाले, ही सरळ चोरी आहे, काढा याला. दुसरे म्हणाले, अभिषेकाचं तेल पुसून काढायची काही सोय नाही. मग दोघांचं जुंपलं आणि मी बाजूलाच राहिलो. आर्चबिशपांनी हात वर केला आणि डुन्नेला पुढे बोलावलं.

"तुमचे बिशप कसे आहेत?"

"हट्टी आहेत," डुन्ने म्हणाला. "गळा वाईट आहे. उपदेश करताना गुरांचे दाखले फार देतात." मग म्हणाला, "पूर्वी आम्हाला बघितलं की डोंगरातली माणसं जनावरं लपवायची. आता बाहेर काढतात."

आर्चबिशप माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी निकाल दिला, तो जसाच्या तसा लिहितो. "चूक राजाच्या माणसाची. अकरा वर्षांचं काम याचं. हा बिशप राहील. पण लपवल्याचं प्रायश्चित्त मी ठरवणार नाही. ज्याला अंधारात ठेवलं तो ठरवील. दंड टाक असं तो म्हणाला, तर त्याच दिवशी टाकायचा."

त्यांनी स्वतः वाकून दंड उचलला आणि माझ्या हातात दिला. मी रडलो. मग जेवलो, दोन दिवस पोटात काही गेलं नव्हतं.

तर आता तू सांगशील ते. डुन्नेबरोबर हे पत्र आणि तो मूळ कागद पाठवतोय. आजवर त्यातलं फक्त नाव कळवलं, बाकीची ओळ तुला कधी लिहिली नाही. ती का लिहिली नाही ते मला नीट सांगता येत नाही. तूच वाच.

गोठ्या


क्रोहिलच्या खालचा ओढा
नव्या पावाच्या सणाची सकाळ

पोथ्या,

दगडावर बसून लिहितोय. कागद गुडघ्यावर आहे, म्हणून अक्षराला हसू नकोस.

तू पुरती वस्ती जमल्यावरच ये म्हणालास, म्हणून महिनाभर दम धरला. तेवढ्यात डुन्नेकडून सगळी हकिगत पाच वेळा ऐकली. दर वेळी तो तेवढंच सांगतो, त्यामुळे खरी असावी.

तो म्हणतो, तू क्रॉसजवळ बाकावर बसला होतास, पाय ओंडक्यावर. बायामाणसांना प्रभूची प्रार्थना शिकवत होतास आणि बेब्बे तुझे फ्रिसियन वळणाचे उच्चार दुरुस्त करत होती. तू कागद वाचलास. पुन्हा वाचलास.

"ही ओळ त्यानं वाचली होती?" तू विचारलंस.

"हो," डुन्ने म्हणाला.

"आणि नऊ वर्षं ठेवून घेतली?"

"हो."

तू मग कागद छातीशी धरून मान खाली घातलीस, तेव्हा बेब्बेनं विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी नाही, आजी," तू म्हणालास. "उलट मीच जिवंत निघालो."

त्यानंतर तू डुन्नेला जो निरोप सांगितलास तो माझ्या छातीत बसलाय. "दंड मला कधी नकोच होता असं मी म्हणणार नाही," तू म्हणालास. "हवा होता. पण ती हाव फ्रिसियातल्या दुसऱ्या हिवाळ्यात वाळून गेली. सलत होतं ते दुसरंच. ज्या म्हाताऱ्या आर्चबिशपांनी मला पहिलं अक्षर गिरवायला शिकवलं त्यांना माझं नाव सुचलंसुद्धा नाही, असं मला अकरा वर्षं वाटत होतं. गोठ्यानं दंड ठेवून घेऊन नुसता कागद पाठवला असता, तरी मी त्याच उन्हाळ्यात परत आलो असतो."

मला वाटायचं मी तुझं पद लपवलंय. मी काय लपवलंय ते मला पेटीवर एवढ्या घोंगड्या टाकूनही कळलं नव्हतं. किंवा कळलं होतं, म्हणूनच तेवढी ओळ लिहिताना हात थांबत होता. मला कुणी तसं कधी लिहिलं नाही, पोथ्या. थोडा हेवा होता. आता सांगून टाकलं.

तुझं प्रायश्चित्त मान्य आहे. सगळ्या वस्तीसमोर, क्रॉसजवळ, ती ओळ मोठ्यानं वाचायची, आधी लॅटिनमध्ये आणि मग आपल्या बोलीत. वाटभर घोकत आलोय. डुन्ने म्हणतो घोड्यालाही पाठ झाली. 'आल्डरफर्डचा कुथगार, पोथीशाळेचा गुरू, माझ्या सर्व शिष्यांत मला सर्वांत प्रिय.' वाचताना आवाज फुटणार आहे, ते उच्चारातल्या चुकीत धरू नकोस.

आणखी एक. तुझी शाळा आता इथेच, असं बेब्बेनं ठरवलंय. फ्रिसियाच्या मठाला निरोपही धाडलाय की दुसरा गुरू शोधा. तुला अजून सांगितलेलं नाही, असं डुन्ने म्हणाला. म्हणून मी सांगतोय.

इथून वस्ती दिसते. भट्ट्यांचा धूर वर चाललाय, पावाचा वास ओढ्यापर्यंत उतरलाय. क्रॉसजवळ बरीच माणसं आहेत. त्यांत एक उंच, टकला, काठी टेकून उभा. केस कधी गेले तुझे?

हे पत्र डुन्नेबरोबर पुढे पाठवणार होतो. इतक्या दिवसांनी एकदम समोर यायचा संकोच वाटत होता. म्हटलं आधी पत्र जाऊ दे, मग मी.

तू इकडेच बघतोयस. हात डोळ्यांवर धरलायस.

आता तू चालायला लागलास. उतारावरून, त्या घोट्यानं. बेब्बे मागून ओरडतेय, ते मला इथपर्यंत ऐकू येतंय. तपकिरी गवतावरून ये. नाही, उजवीकडे.

डुन्ने विचारतोय, "हे पत्र आता नेऊन देऊ कुणाला?"

बरोबर आहे त्याचं. दौत बंद करतो. तू तिथेच थांब, पोथ्या, मी चढून येतो.